सासूबाईंना इंग्रजी येत नाही, अंडं चालत नाही, तरी ‘बेक ऑफ’ सुटत नाही. असं का?

तिखटमीठ

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे अभ्यासू आणि रिकामटेकडे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात म्हणून विचारते.

आमच्याकडे रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ लागतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या एका बंगल्याच्या बागेत मोठा पांढरा तंबू, त्यात डझनभर हौशी लोक. कुणी नर्स, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त आजी. दर भागात तीन फेऱ्या. पहिलीला घरी सराव करून आलेला पदार्थ, दुसरीला आयत्या वेळी हातात पडलेली अर्धवट पाककृती (त्यात नुसतं ‘कस्टर्ड बनवा’ एवढंच लिहिलेलं असतं, कसं ते तुमचं तुम्ही बघा), तिसरीला काहीतरी भव्यदिव्य. दर आठवड्याला एक जण घरी जातो. आणि शेवटी जिंकणाऱ्याला काय? फुलांचा गुच्छ आणि केक ठेवायचा एक कोरीव स्टँड. रोख रक्कम शून्य. २०१० पासून हे चालू आहे आणि लोक त्या स्टँडसाठी ढसाढसा रडतात.

मी स्वतः बेकिंगमध्ये ढ. आमच्या ओव्हनमध्ये कढया राहतात. केक लागला की कोपऱ्यावरून आणायचा. तर मला या कार्यक्रमाचं एवढं का, हा एक प्रश्न. पण खरा प्रश्न आहे तो सासूबाईंचा.

आईंचं वय ७८. मूळच्या सांगलीच्या. इंग्रजी ‘थँक्यू’ आणि ‘बीपी’ एवढंच. घरात अंडं येत नाही, आणि या कार्यक्रमात माणसं एका वेळी आठ-आठ अंडी फोडतात. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, उठून जातील. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “बलक पांढऱ्यात गेला बघ त्याचा. आता फेस धरणार नाही.” आणि नाही धरला! अंड्याला उभ्या आयुष्यात हात न लावलेल्या बाईला हे कसं कळलं, देव जाणे. तेव्हापासून ताटलीत शेंगा, टॅबलेट तांदळाच्या डब्याला टेकवलेला, आणि मी शेजारी. परीक्षकांना त्यांनी नावं ठेवली आहेत. पॉल हॉलीवूड म्हणजे ‘निळ्या डोळ्यांचा मास्तर’, प्रू लीथ म्हणजे ‘मोठ्या मण्यांची’. आणि सूत्रसंचालक नोएल फील्डिंग ‘झिपऱ्या’. मी भाषांतर करायला लागले की म्हणतात, “तू गप गं, दिसतंय मला.”

आणि खरंच दिसतं त्यांना. २०२१ चा सीझन बघत होतो. अंतिम फेरीत तिघं: इटालियन इंजिनिअर जुसेप्पे, चिग्ज परमार आणि क्रिस्टेल परेरा. (क्रिस्टेल गोव्याकडची. म्हणजे आईवडिलांची मुळं गोव्यातली. आडनाव ऐकल्यावर आईंनी लगेच तिला आपल्यात घेतलं.) शेवटच्या फेरीत क्रिस्टेलने बाकी पसाऱ्याबरोबर फोकाचा नावाचा जाड इटालियन पाव केला होता. ओव्हनमधून काढल्या काढल्या आई म्हणाल्या, “पोरीने घाई केली. मध्ये कच्चा आहे.” मी म्हटलं, वरून तर छान दिसतोय. सुरी फिरली आणि आत चक्क कणीक. जिंकला जुसेप्पे. त्याआधी उपांत्य फेरीत जर्मन काका, म्हणजे युर्गन, बाहेर पडले, तेव्हा आईंनी दुसऱ्या दिवशी कार्यक्रम लावू दिला नव्हता. सुतक पाळतात तसं.

तर प्रश्न असा. मराठी-हिंदीतले गाण्याचे, नाचाचे, स्वयंपाकाचे कार्यक्रम आम्हा दोघींना दहा मिनिटं बघवत नाहीत. मग हेच का? “तिथली माणसं एकमेकांशी चांगली वागतात म्हणून” हे उत्तर कृपया देऊ नका. ते मी इंटरनेटवर शंभर ठिकाणी वाचलंय आणि मला ते पटत नाही. चांगली माणसं आमच्या सोसायटीच्या सभेतही असतात, ती कोण बघतं?

बोरकूट

इंग्रजांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं, आता त्यांचे केक फुगतायत का ते आपण रात्र रात्र बघायचं. छान चाललंय.

पण काकूंचं ‘तू गप गं, दिसतंय मला’ लाखमोलाचं. आमच्या घरी हे वाक्य क्रिकेटच्या वेळी आजोबा म्हणायचे. हर्ष भोगले बोलायला लागला की आवाज बंद.

लेस्टरकर

वा, चिग्जचं नाव काढलंत! आमच्याच लेस्टरशायरचा पठ्ठ्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बेकिंग सुरू केलं आणि पुढच्या वर्षी अंतिम फेरीत. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. इथे मंगळवारी रात्री चॅनेल फोरवर भाग लागतो आणि बुधवारी सकाळी कुणीतरी डबा उघडतं. चव सांगायची सोय नसते, गोड मानून खायचं.

तिखटमीठताई, तुम्ही स्टँडचं म्हणालात ना, ते इथे राहिल्याशिवाय नीट कळत नाही. तो तंबू, पताका, टेबलावरचं चौकड्याचं कापड हे काही टीव्हीवाल्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. गावोगावच्या उन्हाळी जत्रांमध्ये, म्हणजे व्हिलेज फेटमध्ये, असाच तंबू लागतो. कार्यक्रमाची कल्पनाच तिथून उचललेली आहे. आमच्या जवळच्या गावात मी दोन-चारदा गेलोय. लांब टेबलं, त्यावर कागदी ताटल्या, प्रत्येकीत तीन स्कोन किंवा एक केक. शेजारी गाजरं, कांदे, जरबेरा, मुलांनी बटाट्याचे केलेले प्राणी. नाव झाकलेलं. परीक्षक बाई चष्मा लावून एक-एक काप घेते आणि चिठ्ठी लिहून ठेवते: ‘चव चांगली, किंचित जास्त भाजला.’ पहिलं बक्षीस एक रंगीत कार्ड आणि चहाच्या दोन कपांचे पैसे. पण त्या कार्डावरून शेजारणींमध्ये जे शीतयुद्ध चालतं, ते मी याच डोळ्यांनी पाहिलंय.

विमेन्स इन्स्टिट्यूट नावाची इथल्या बायकांची जुनी संघटना आहे, १९१५ मध्ये वेल्समधल्या अँगल्सी बेटावर तिची पहिली शाखा निघाली. त्यांचा व्हिक्टोरिया सँडविच केकचा नियम ऐका: दोन थरांमध्ये फक्त रासबेरी जॅम, क्रीम नाही, वरून बारीक साखर, बाकी सजावट काही नाही. गार करायच्या जाळीचे वळ केकवर उमटले तरी नाक मुरडतात. म्हणजे ‘हौशी’ म्हणजे ‘चालतंय की’ असं इथे कुणी समजत नाही. पैशाचा संबंध नसला तरी काटेकोरपणात तडजोड नाही. मला तरी गंमत त्यातच वाटते. पैसे नसले की माणसं केकवरूनच भांडतात, दुसऱ्या कशावरून नाही.

जाता जाता: नेटफ्लिक्सवर शोधणाऱ्यांनी ‘ग्रेट ब्रिटिश बेकिंग शो’ असं शोधा. अमेरिकेत ‘बेक-ऑफ’ हा पिल्सबरी कंपनीचा ट्रेडमार्क आहे, म्हणून बाहेर नाव बदललं.

पडद्यामागचा

मी मराठी वाहिन्यांवरच्या कार्यक्रमांचं संकलन करतो. कुठल्या, ते विचारू नका, घर चालवायचं आहे. त्यामुळे मी ‘बेक ऑफ’ बघतो तो दुसऱ्याच्या ओट्यावरची भांडी कशी लावलीत ते बघायला.

आधी तुम्हाला नको असलेल्या उत्तराबद्दल थोडं. तो कार्यक्रम जन्मतः गोड नव्हता. सुरुवातीच्या सूत्रसंचालिका मेल गेड्रॉइच आणि सू पर्किन्स यांनी नंतर सांगितलंय की पहिल्याच सीझनला स्पर्धकांच्या तोंडासमोर कॅमेरे नेऊन त्यांना रडवण्याचा प्रकार चालला होता, तेव्हा या दोघी सरळ काम सोडून निघाल्या होत्या. पुढे कुणी स्पर्धक रडायला लागला की त्या त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहायच्या आणि शिव्या द्यायच्या किंवा कंपन्यांची नावं घ्यायच्या, म्हणजे ते चित्रीकरण वापरताच येऊ नये. संकलक म्हणून सांगतो, याहून भारी युक्ती मी ऐकलेली नाही. आमच्याकडे उलट असतं. रडू आलं की फ्लोअरवरून वॉकीवर आवाज येतो, “होल्ड कर, होल्ड कर, क्लोज जा.”

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांना भाषा का लागत नाही?

तुम्ही बघितलं असेल, स्पर्धक आपण काय करणार ते सांगत असतो तेव्हा पडद्यावर एक रंगीत चित्र येतं. केकचे थर, बाण, शेजारी ‘पिस्ता’, ‘संत्रं’ असं लिहिलेलं. ती चित्रं टॉम होव्ही नावाचा चित्रकार पहिल्या सीझनपासून काढतोय. त्या चित्रात थर कधी खचत नाही, क्रीम कधी ओघळत नाही, जिलेटिन नेहमी धरलेलं असतं. स्पर्धकाच्या मनातला केक तो. मग चार तास जातात आणि टेबलावर दुसराच केक येतो. अख्खा भाग या दोन केकांमधल्या अंतरावर उभा आहे. एक आईंना आधी दाखवला, दुसरा नंतर दाखवला. भाषांतर कशाला हवं?

त्यात भर म्हणजे सुरी. निकालाच्या आधी पदार्थ कापला जातो आणि काप कॅमेऱ्याकडे वळवला जातो. कच्चं असेल तर तुम्हाला आणि परीक्षकाला एकाच क्षणी दिसतं. मास्तर कितीही कडक बोलला तरी राग येत नाही, कारण पुरावा तुमच्यासमोर आहे. गाण्याच्या स्पर्धेत हे होत नाही. “सूर जरा चढला” म्हणाले, तर घरी बसलेल्या शंभरातल्या नव्वदांना ते ऐकू आलेलं नसतं. मग ती पोकळी भरायला आम्हाला बाकी सगळं आणावं लागतं: स्पर्धकाचा चेहरा, परीक्षकाचा चेहरा, प्रेक्षकांत बसलेली आई, परत स्पर्धक, ढॅण्ण, ब्रेक. आणि त्याआधी गावाकडच्या घराची एव्ही, म्हणजे स्पर्धकाची ओळख करून देणारी छोटी फिल्म. चुलीचा धूर, बासरी. मी स्वतः किती बासऱ्या लावल्यात त्याचा हिशेब वर द्यावा लागणार आहे.

तिथे एव्ही असते, नाही असं नाही. पण कशी? माणूस कुत्र्याला फिरवतोय, मुलांबरोबर सायकल चालवतोय, पंधरा-वीस सेकंद, संपलं. त्याच्या गरिबीवर तुम्ही मत द्यायचं नसतं. एसएमएसच नाही ना. मत मागायचं नसलं की करुणा विकावी लागत नाही, हे आमच्या धंद्यातलं साधं गणित आहे.

ओव्हनवाली_नाशिक

पडद्यामागचा, तुमचं चित्राचं म्हणणं एकदम पटलं, पण एका गोष्टीवर भांडण आहे. चव कुठे दिसते? निम्मा निकाल चवीवर असतो आणि ती आपण मास्तरच्या भरवशावर घेतो. तेव्हा ‘पुरावा समोर आहे’ हे अर्धंच खरं.

आणि ताई, शीर्षक वाचून वाटलं की सगळे हलकंफुलकं म्हणणार, म्हणून लिहायला आले. बघणाऱ्याला हलकं, करणाऱ्याला नाही हो. मी घरून केकच्या ऑर्डर घेते. नाशिकचा मे महिना. बटरक्रीम म्हणजे शेवटी लोणीच, पस्तीस अंशांच्या खोलीत ते उभं राहायचं नाव घेत नाही. डार्क चॉकलेट टेंपर करायचं (म्हणजे वितळवून ठरावीक तापमानाला आणायचं) तर ३१-३२ अंशांवर हातात धरून काम करावं लागतं, आणि माझा ओटाच तेवढा तापलेला असतो. मी पहाटे साडेचारला उठून एसी लावून आयसिंग करते. त्या तंबूला एसी नाही. चित्रीकरण उन्हाळ्यात. उन्हाळी दिवशी चॉकलेटचा आठवडा ठेवतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आयोजकांनी वारंवार हे का करावं? मला ही थट्टा वाटते, साधेपणा नाही.

२०१४ चं ते प्रकरण आठवा. इयान वॉटर्स नावाचा स्पर्धक, बेक्ड अलास्का करायचं होतं, म्हणजे केकवर आइसक्रीम, वरून मेरिंग (अंड्याच्या पांढऱ्याचा साखर घालून केलेला फेस) आणि ते भाजायचं. त्याचं आइसक्रीम दुसऱ्या स्पर्धक बाईंनी फ्रीझरमधून बाहेर काढलं, ते वितळलं, आणि त्याने तिरमिरीत सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. परीक्षणाला तो डबाच घेऊन गेला! बाहेर काढलं त्याला. बीबीसीकडे शेकडो तक्रारी गेल्या. लोक हसले, मी नाही हसले. तीन तास राबून समोर चिखल झाला की काय होतं, ते ज्याच्यावर गेलंय त्याला विचारा.

तरीही बघते. का, ते सांगते. मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो, परदेशातल्या कुठल्या तरी स्टुडिओत काढलेला, आणि खाली एक ओळ: ‘सेम टू सेम पाहिजे.’ पडद्यामागच्यांनी सांगितलेलं चित्र आणि केक यातलं अंतर माझ्या घरी रोज असतं, फक्त ते माझ्या खिशातून जातं. एकदा युनिकॉर्नच्या डोळ्याच्या पापण्या फोटोत चार आणि केकवर तीन, म्हणून एका बाईंनी पैसे कापले. केक मात्र संपवला. त्या तंबूत गिऱ्हाईक नाही. केक पडतो, आणि पडलेला केकसुद्धा चमच्याने खाऊन बघतात आणि सांगतात, “दिसायला वाईट, पण चव अप्रतिम.” हे वाक्य मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने ऐकवलेलं नाही. त्या एका वाक्यासाठी मी तासभर बसते.

आणखी एक, सगळंच गोडगोड नको. २०२२ चा मेक्सिकन आठवडा बघताना लाज वाटली होती. दुसऱ्यांच्या खाण्यावर पाचकळ विनोद करायची खोड त्यांना आहेच. त्यापेक्षा २०१४ मधली चेतना माकन बघा. जबलपूरची, मुंबईत फॅशन डिझाइनचं काम केलेली. तिने वेलची, केशर, बडीशेप अशा चवी केकात आणल्या आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. आपल्या डब्यातला मसाला तिथे मानाने मांडलेला बघून बरं वाटलं होतं.

बोरकूट

तीन पापण्यांवरून पैसे? नाव सांगा त्या बाईंचं, मी चौथी नेऊन देतो.

तिखटमीठ

काय सुंदर लिहिलंत सगळ्यांनी. आज संध्याकाळी आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. (बोरकूट, तुमचं आजोबांचं दोनदा वाचायला लावलं.) पडद्यामागच्यांच्या शिव्यांच्या युक्तीवर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. “मेल-सू चांगल्या घरच्या दिसतात,” असा निकाल दिला.

ओव्हनवालीताई, तुमच्या भांडणावर आईंचं उत्तर मात्र जसंच्या तसं देते, कारण मला ते कधी सुचलं नसतं. म्हणाल्या, “चव दिसते की! मण्यांची बाई दुसऱ्यांदा चमचा घालते का ते बघायचं. पहिला घास नोकरीचा असतो.” मी लगेच एक जुना भाग लावून तपासलं. खरंच, आवडलं की प्रू बोलता बोलता परत काटा घालते, नाही आवडलं की काटा खाली ठेवून मग बोलायला लागते. मास्तरचं वेगळं. तो आवडलं तरी गप्पच राहतो आणि स्पर्धकाकडे टक लावून बघत बसतो, मग एखाद्याच वेळी शाबासकीचं हस्तांदोलन करायला हात पुढे करतो. आई म्हणतात, तो भाव खातो, त्याच्याकडे बघू नये.

म्हणजे एवढे दिवस मी संवाद ऐकत होते आणि त्या काटे मोजत होत्या. चार सुना, जावया-व्याह्यांच्या पंगती वाढलेल्या बाईला ‘छान झालंय’ हे शब्द काय कामाचे? कोण परत वाढून घेतंय एवढंच बघायचं. आमच्या लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला मी केलेल्या गुळाच्या पोळीला सगळे छान म्हणाले होते. आता कळतंय त्या तेव्हा कुठे बघत होत्या.

लेस्टरकर, तुमच्या चिठ्ठीवाल्या परीक्षक बाई त्यांना फार आवडल्या. ‘किंचित जास्त भाजला’ असं लिहून ठेवणं आमच्या घरीही चालू करू म्हणतात. मी घाबरले आहे.

आता सांगा, २०२१ संपलं, २०२२ आणि २०२३ पण झालं. पुढे कुठलं बघू? नादिया हुसेनचं २०१५ चं नाव फार ऐकलंय.

लेस्टरकर

२०१५ मिळालं तर जरूर बघा. तेव्हा कार्यक्रम बीबीसीवर होता, जाहिराती नव्हत्या, परीक्षक मेरी बेरी. नादिया ल्यूटनची, आईवडील बांगलादेशचे. शेवटच्या फेरीत तिने तीन मजली लिंबाचा लग्नाचा केक केला आणि लाल, निळ्या, पांढऱ्या साडीने सजवला. अंतिम भाग दीड कोटीच्या आसपास लोकांनी बघितला. पुढच्या वर्षी राणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केकही तिनेच केला. नंतर कार्यक्रम चॅनेल फोरने नेला आणि मेल, सू, मेरी बेरी तिघीही गेल्या नाहीत, एकटा मास्तर गेला. हे आईंना सांगा, त्यांचं मत आणखी पक्कं होईल.

पण आईंसाठी माझी शिफारस २०१८. राहुल मंडल, कोलकात्याचा मुलगा, शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात अणुऊर्जेशी संबंधित काम करणारा शास्त्रज्ञ. सारखा माफी मागतो, केक उत्तम झाला तरी चेहरा नापास झाल्यासारखा. अंतिम फेरीत गरमीने त्याची काचेची बरणी फुटली, सगळीकडे काचा. त्याला पंधरा मिनिटं वाढवून दिली आणि तो जिंकला. वाढीव वेळ दिला म्हणून बाकी कुणी तांडव केलं नाही. आणि त्याच सीझनला पहिल्यांदा व्हीगन आठवडा आला. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. आई निर्धास्त बघतील.

ओव्हनवाली_नाशिक

हो, तो भाग बघाच! रूबी भोगलचा केक परीक्षणाच्या वेळी उभ्या उभ्या कोसळतो आणि ती हसत सुटते. माझा असा पडला असता तर मी आठवडाभर ओव्हन लावला नसता.

त्यातली दुसरी फेरी आईंना खास दाखवा. पावलोवा करायचा असतो, म्हणजे मेरिंगचा भलामोठा कुरकुरीत पाया, वर फळं. एरवी अंड्याच्या पांढऱ्याचा, इथे काबुली चणे शिजवलेल्या पाण्याचा. ते पाणी फेसलं की पांढराशुभ्र, ताठ फेस होतो, अगदी भांडं उलटं केलं तरी पडत नाही.

तिखटमीठ

आईंना सांगितलं. शेंगा फोडायच्या थांबल्या. “म्हणजे पुरणाचा कट?” हाच पहिला प्रश्न. दुसरा, “मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?” तिसरा, डाळीच्या कटाने होईल का. तुम्हीच उत्तर द्या बाई, मला झेपत नाही.

ओव्हनवाली_नाशिक

हरभरा डाळीच्या कटाने मी कधी केलेलं नाही, काबुली चण्याने करते. चणे रात्रभर भिजवून, पाणी बदलून, मीठ आणि सोडा न घालता शिजवा. गाळलेलं पाणी पातळ वाटलं तर आटवून घ्या, बोटाला चिकट लागलं पाहिजे. फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. भांड्याला तुपाचा अंशही नको. लिंबाचे दोन-चार थेंब घालून यंत्राने फेसायचं, हाताने फेसायच्या फंदात पडू नका. फेस धरला की बारीक साखर थोडी-थोडी करून. भाजायचं ते १०० अंशांच्या आसपास, दीड-दोन तास, आणि ओव्हनमध्येच गार होऊ द्यायचं. पावसाळ्यात करू नका, दमट हवेत चिकट होतं.

बोरकूट

आणि ते शिजलेले चणे? टाकून द्यायचे?

ओव्हनवाली_नाशिक

छोले करा की.